खेळणाऱ्याच्या हातातली गोष्ट : नॉटी डॉग स्टुडिओची चार दशके

२००९ साली आलेल्या 'अनचार्टेड २ : अमंग थीव्ज' या व्हिडिओ गेमच्या आरंभी नेथन ड्रेक हा नायक शुद्धीवर येतो, तेव्हा तो रक्तबंबाळ झालेला असतो आणि ज्या रेल्वेच्या डब्यात तो बसलेला असतो, तो डबा बर्फाच्छादित कड्यावरून खाली लोंबकळत असतो. काही क्षण हे सारे आपण नुसते पाहतो. मग ड्रेक घसरत खाली जातो, डब्याच्या टोकाला कसाबसा लटकतो, आणि त्यानंतर काहीच घडत नाही. कारण पुढची हालचाल आता कंट्रोलर हातात धरलेल्या खेळाडूने करायची असते. पाहणे कोठे संपले आणि खेळणे कोठे सुरू झाले, हे त्या धामधुमीत अनेकांच्या लक्षातही येत नाही. हा सांधा इतका बेमालूम जुळवणाऱ्या स्टुडिओचे नाव नॉटी डॉग असून तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे आहे.

या स्टुडिओच्या गेम्सना 'सिनेमासारखे' म्हणण्याचा प्रघात आहे. हे कौतुक रास्त आहे, परंतु त्यामागची अडचण समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. चित्रपटात प्रेक्षकाने काय पाहावे, किती वेळ पाहावे आणि कोणत्या कोनातून पाहावे, हे सर्व दिग्दर्शक ठरवतो. गेममध्ये खेळाडू ऐन गंभीर प्रसंगी भिंतीकडे तोंड करून उभा राहू शकतो, किंवा जेथे घाईने पळायला हवे तेथे रेंगाळू शकतो. यावर बहुतेकांनी काढलेला जुना तोडगा म्हणजे कटसीन. खेळ थांबवायचा, दोन मिनिटांचा चित्रपट दाखवायचा आणि मग खेळ पुन्हा सुरू करायचा. यामुळे गोष्ट सांगितली जाते, पण ज्या वेळी महत्त्वाचे काही घडते नेमक्या त्याच वेळी खेळाडूचे हात रिकामे होतात. नॉटी डॉगनेही कटसीन भरपूर वापरले. मात्र खेळ आणि गोष्ट यांच्यातील फट अरुंद करत नेण्याचे काम त्याने इतरांपेक्षा अधिक चिकाटीने केले. त्या कामाचा पाया लेखकांच्या आधी प्रोग्रॅमर मंडळींनी घातला, असे मला त्याचा इतिहास पाहताना वाटते.

स्टुडिओची स्थापना १९८४ साली अँडी गॅविन आणि जेसन रुबिन या दोन शाळकरी मित्रांनी केली. तेव्हा त्याचे नाव जॅम सॉफ्टवेअर होते. नॉटी डॉग हे नाव १९८९ मध्ये आले. गॅविन यांचा कल प्रोग्रॅमिंगकडे आणि रुबिन यांचा चित्रकलेकडे, अशी कामाची वाटणी होती. सुरुवातीचे त्यांचे गेम आज फारसे कोणाच्या स्मरणात नाहीत. उल्लेख करावा असा एक आहे तो १९९४ मधला 'वे ऑफ द वॉरियर' हा हाणामारीचा गेम. त्यासाठी या दोघांनी स्वतःजवळचे पैसे घातले, घरातच पडदा लावून मित्रांना हाताशी असलेल्या वस्तूंतून बनवलेले पोशाख चढवले आणि त्यांचे चित्रीकरण करून त्यातून पात्रे तयार केली. गेम सामान्य होता, पण त्यामुळे युनिव्हर्सल इंटरॅक्टिव्ह स्टुडिओज या कंपनीने त्यांच्याशी तीन गेम्सचा करार केला. तेथे काम करणारे मार्क सर्नी हे त्यांचे मार्गदर्शक झाले. पुढे सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलची, म्हणजे गेम खेळण्याच्या यंत्राची, रचना ज्यांच्या नेतृत्वाखाली झाली, तेच हे सर्नी.

१९९४ साली बॉस्टनहून लॉस एंजेलिसला मोटारीने जाताना गॅविन आणि रुबिन यांच्यात जी चर्चा झाली, तिच्यातून 'क्रॅश बँडिकूट' या गेमची कल्पना निघाली. त्या काळी उड्या मारत पुढे जाण्याचे गेम बाजूने पाहिले जात. नायक डावीकडून उजवीकडे पळत असे. तोच खेळ त्रिमितीत आणून नायकाला पडद्याच्या आत, खोलवर पळवायचे, असा त्यांचा बेत होता. त्यात एक मोठी अडचण होती. नायक आत पळत असेल तर आपल्याला सतत त्याची पाठ दिसणार. मग त्याच्या चेहऱ्यावरची भीती, आनंद, खट्याळपणा खेळाडूला कळणार कसा? म्हणून क्रॅशचे डोके मोठे ठेवले, मान जवळजवळ काढून टाकली, हातांत मोठे मोजे घातले आणि हिरव्या रानात उठून दिसेल असा नारिंगी रंग निवडला. शिवाय काही लेव्हल्स, म्हणजे खेळाचे टप्पे, अशा रचल्या की मागून एक प्रचंड शिळा गडगडत येते आहे आणि क्रॅश आपल्याच दिशेने, आपल्याकडे तोंड करून पळतो आहे. संकटात सापडलेल्याचा चेहरा दिसला पाहिजे, हा विचार मुळात दिग्दर्शकाचा आहे. येथे तो खेळाच्या रचनेतून सोडवला गेला.

दुसरी अडचण यंत्राची होती. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी अवघी २ मेगाबाइट होती; आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही तीत मावणार नाही. सीडीवर जागा मुबलक असली तरी सीडीवरून माहिती वाचण्याचा वेग कमी होता. गॅविन यांनी गेमची माहिती ६४ किलोबाइटच्या लहान तुकड्यांत विभागली आणि खेळाडू पुढे सरकत असतानाच पुढचे तुकडे आत घेणारी आणि मागचे बाहेर टाकणारी व्यवस्था लिहिली. कॅमेरा ठरलेल्या मार्गानेच फिरत असल्यामुळे कोणत्या जागी उभे राहिल्यावर काय दिसेल, हे आधीच मोठ्या संगणकांवर मोजून ठेवता येत होते. त्यामुळे न दिसणाऱ्या गोष्टी काढण्यात यंत्राची शक्ती वाया गेली नाही, आणि वाचलेल्या शक्तीतून ५१२ पॉलिगॉनचा, म्हणजे तितक्या लहान पृष्ठभागांनी बनलेला, त्या काळाच्या मानाने अतिशय बोलका क्रॅश उभा राहिला. कॅमेरा बांधून ठेवल्याने एकीकडे मेमरी वाचली आणि दुसरीकडे चौकटीत काय दिसावे यावर निर्मात्यांचा ताबा आला. या स्टुडिओत तांत्रिक काटकसर आणि दिग्दर्शकीय निवड यांची अशी गाठ वारंवार पडलेली दिसते.

१९९६ ते १९९९ या काळात क्रॅशचे चार गेम निघाले आणि क्रॅश हा प्लेस्टेशनचा चेहराच होऊन बसला. परंतु त्याचे हक्क युनिव्हर्सलकडे होते. जानेवारी २००१ मध्ये सोनीने नॉटी डॉग विकत घेतला, तेव्हा आपलेच पात्र मागे सोडून स्टुडिओला नव्याने सुरुवात करावी लागली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्लेस्टेशन २ साठी आलेला 'जॅक अँड डॅक्स्टर' हा माझ्या मते स्टुडिओच्या इतिहासातील सर्वांत कमी लेखला गेलेला टप्पा आहे. या गेममध्ये समुद्रकिनारा, गाव, जंगल, दलदल हे सारे एकमेकांना जोडलेले होते आणि मध्ये कोठेही 'लोडिंग' अशी पाटी येत नव्हती. डोंगरावरून दूरवर दिसणाऱ्या ठिकाणी प्रत्यक्ष चालत जाता येई. पुढचा भाग वेळेत तयार झाला नाही तर काय करायचे, यावर काढलेला उपाय मोठा चतुर होता : जॅक अडखळून पडे. तो उठेपर्यंत डिस्क आपले काम उरकून घेई आणि खेळाडूला वाटे की पाय घसरला. हा गेम जवळजवळ संपूर्णपणे गॅविन यांनी स्वतः तयार केलेल्या 'गोल' नावाच्या, लिस्प कुळातील प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला होता. तिच्यामुळे गेम चालू असतानाच त्यातील कोड बदलता येई आणि परिणाम लगेच पाहता येई. गोष्टीचा ओघ तुटू नये यासाठी लागणारी यंत्रणा अशा रीतीने येथे तयार झाली. मात्र गोष्ट अजून साधीच होती. पहिल्या गेममध्ये तर जॅक एक शब्दही बोलत नाही. तो बोलू लागला २००३ च्या 'जॅक २' मध्ये, आणि तेथून स्टुडिओचा सूर गडद होत गेला.

२००४ साली दोन्ही संस्थापक स्टुडिओतून बाहेर पडले. सूत्रे एव्हन वेल्स आणि स्टीफन व्हाइट यांच्याकडे आली आणि लवकरच व्हाइट यांची जागा क्रिस्टोफ बालेस्त्रा यांनी घेतली. याच सुमारास प्लेस्टेशन ३ ची तयारी सुरू झाली. गॅविन यांची भाषा बाजूला ठेवून सी++ स्वीकारणे, सेल नावाच्या अवघड प्रोसेसरवर काम करणे शिकणे आणि कार्टूनसारखी पात्रे सोडून खरी दिसणारी माणसे घडवणे, हे तिन्ही बदल एकदमच अंगावर आले. त्यांतून मोठ्या ओढाताणीने नोव्हेंबर २००७ मध्ये 'अनचार्टेड : ड्रेक्स फॉर्च्युन' बाहेर पडला. त्याची सूत्रे एमी हेनिग या लेखिका-दिग्दर्शिकेकडे होती. जुन्या साहसकथांचा त्यांना असलेला लळा आणि नर्मविनोदी संवाद लिहिण्याची त्यांची हातोटी यांवर ही मालिका उभी राहिली. गेमच्या इतिहासात त्यांचे नाव जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही, याची खंत वाटते.

हेनिग यांच्या काळात रुळलेली पद्धत थोडी तपशिलात पाहणे आवश्यक आहे. गेममधील पात्रांना आवाज देणारे नट सामान्यतः एकेकटे, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काम करत. नॉटी डॉगने नाटकाप्रमाणे नटांची तालीम घेतली. नोलन नॉर्थ आणि एमिली रोझ यांच्यासारखे कलाकार अंगावर मोशन कॅप्चरच्या, म्हणजे शरीराची हालचाल यंत्राने टिपण्याच्या, खुणा लावून एकाच मंचावर एकमेकांसमोर उभे राहत, आणि त्यांची हालचाल व संवाद एकत्रच टिपले जात. एकमेकांचे वाक्य तोडणे, अर्ध्यावर थांबणे, हसू दाबणे या गोष्टी त्यामुळे आपोआप येत. चेहरा मात्र त्या काळात यंत्राने टिपला जात नसे. नटांचे चित्रीकरण समोर ठेवून ॲनिमेटर भुवई, पापणी, ओठ यांची हालचाल हाताने घडवत. ड्रेकच्या चेहऱ्यावर जो जिवंतपणा दिसतो, त्यात नटाइतकाच ॲनिमेटरचा वाटा आहे.

'अनचार्टेड २' मधील रेल्वेचा प्रसंग या सर्वांचा कळस होता. त्या गाडीत चालणे, चढणे, लपणे आणि गोळीबार करणे हे सारे ती धावत असताना करायचे असते. सोपा मार्ग असा, की गाडी एका जागी स्थिर ठेवायची आणि बाहेरचा देखावा मागे सरकवायचा. स्टुडिओने गाडी खरोखरच धावती ठेवली. ती वळणे घेते, जंगलातून निघून बर्फाळ डोंगरांत शिरते आणि प्रत्येक डबा रुळांप्रमाणे हलतो. हलत्या वस्तूवर पात्राचे पाय, हात आणि शत्रूंचे नेम बरोबर राहावेत यासाठी प्रोग्रॅमर मंडळींना स्वतंत्र व्यवस्था लिहावी लागली. याच गेममध्ये नेपाळमधील गल्लीत एक ट्रक ड्रेकच्या पाठीशी लागतो आणि ड्रेक आपल्याकडे तोंड करून पळत सुटतो. क्रॅशच्या मागची शिळाच येथे वेष पालटून आली आहे.

या मालिकेवर एक आक्षेप सतत घेतला गेला. कटसीनमध्ये हसतमुख, दिलदार वाटणारा ड्रेक प्रत्यक्ष खेळात शेकडो माणसे ठार मारतो, आणि गोष्टीत त्याचा मागमूसही उरत नाही. कथा एक सांगते आणि खेळ दुसरेच, हा तो आक्षेप; मला तो पूर्णपणे मान्य आहे. त्याला खरे उत्तर मिळाले ते १४ जून २०१३ रोजी, 'द लास्ट ऑफ अस' या गेममध्ये.

हा गेम स्टुडिओतील दुसऱ्या गटाने केला. ब्रूस स्ट्रेली यांनी खेळाची बाजू सांभाळली आणि नील ड्रकमन यांनी कथेची. ड्रकमन स्टुडिओत आले होते ते प्रोग्रॅमर म्हणून, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुंग्यांच्या शरीरात शिरून त्यांचा ताबा घेणारी कॉर्डिसेप्स नावाची बुरशी निसर्गात खरोखर आढळते. ती माणसांत पसरली तर, या कल्पनेवर कथानक बेतले आहे. उद्ध्वस्त अमेरिकेतून जोएल हा प्रौढ माणूस एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन निघतो. या भूमिका ट्रॉय बेकर आणि ॲशली जॉन्सन यांनी केल्या, तर गुस्ताव्हो सांताओलाया यांनी मोजक्या तारवाद्यांवर संगीत दिले. येथे हिंसा वेदनादायक आहे, गोळ्या अपुऱ्या आहेत आणि मारणे हा जोएलच्या स्वभावाचाच भाग आहे. त्यामुळे कथा आणि खेळ एकच गोष्ट सांगू लागतात.

एली बहुतांश वेळ संगणकाच्या ताब्यात असते, आणि खेळाडूला तिचा जिव्हाळा वाटावा यासाठी केलेले काम फार सूक्ष्म आहे. ती जवळपास राहते, आडोसा शोधते, आपणहून विनोद सांगते, शिट्टी वाजवायचा प्रयत्न करते. आपण लपून पुढे जात असताना ती चुकून शत्रूच्या समोर आली तरी शत्रूला ती दिसत नाही, असे मुद्दाम ठरवण्यात आले. वास्तवाच्या दृष्टीने हे चूक आहे. परंतु तिच्यामुळे आपण वारंवार पकडले गेलो असतो तर तिच्याविषयी माया वाटण्याऐवजी चीड आली असती. अरुंद फटीतून अंग चोरून जाणे, एकमेकांना खांदा देऊन वर चढवणे, शिडी आणून लावणे या संथ कृतींत संवादाला अवकाश मिळतो, आणि या जातीच्या गेम्समध्ये अशाच जागी पुढचा प्रदेश मेमरीत आणण्याची सोयही होते.

ज्यांना हा गेम खेळायचा आहे त्यांनी हा परिच्छेद वगळावा, कारण त्यात शेवट आहे. एलीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून लस बनवता येईल, पण तीत ती मरेल, असे कळल्यावर जोएल रुग्णालयात रक्तपात करत तिच्यापर्यंत पोहोचतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर समोर उभा राहतो आणि गेम थांबतो. खेळाडूने डॉक्टरला मारल्याशिवाय गोष्ट पुढे जातच नाही. पर्याय निवडण्याची सोय नाही. अनेकांना हा जुलूम वाटला. मला ही या माध्यमातील फार मोठी कामगिरी वाटते, कारण आपल्याला न पटणारे कृत्य आपल्याच बोटाने करावे लागते आणि त्यातून येणारी अस्वस्थता प्रेक्षकाची राहत नाही, सहभागी माणसाची होते. २०२० च्या दुसऱ्या भागात हेच तत्त्व आणखी ताणले गेले. पहिला निम्मा भाग सूडाच्या मागे धावल्यावर, जिचा सूड घ्यायचा त्या ॲबीच्याच रूपाने खेळाडूला उरलेला मोठा भाग खेळावा लागतो. त्यावरून कडाक्याचे वाद झाले. त्याच गेममध्ये साठांहून अधिक सुलभता पर्याय दिलेले होते आणि केवळ ध्वनीच्या आधारे अंध खेळाडूही तो पूर्ण करू शकत, ही बाब मात्र त्या गदारोळात मागे पडली.

मधल्या काळात, मार्च २०१४ मध्ये, हेनिग यांनी स्टुडिओ सोडला; 'अनचार्टेड ४' ची कथा स्ट्रेली आणि ड्रकमन यांनी मोठ्या प्रमाणात नव्याने बांधली आणि तो गेम मे २०१६ मध्ये आला. त्यात संसारात स्थिरावलेला ड्रेक आपल्या बायकोबरोबर दिवाणखान्यात बसून जुन्या प्लेस्टेशनवर क्रॅशचा शिळेचाच लेव्हल खेळतो, आणि तो आपल्याला प्रत्यक्ष खेळावा लागतो.

पुढच्याच वर्षी आलेला 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' मराठी वाचकाने आवर्जून पाहावा असा आहे, कारण त्याचे कथानक भारतात, पश्चिम घाटात घडते. क्लोई फ्रेझर ही नायिका, जिचे वडील भारतीय होते, होयसळ राज्यातील गणेशाचा सुळा शोधत निघते. परशुरामाच्या परशूने गणेशाचा दात तुटल्याची पुराणकथा त्यात गुंफलेली आहे. पावसाळी डोंगर, चिखलाच्या वाटा, धबधबे आणि दाट झाडी यांचे चित्रण सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला ओळखीचे वाटेल. वास्तुरचना मात्र कल्पनेतली आहे. बेलूर आणि हळेबीड येथील खरी होयसळ मंदिरे बैठ्या बांध्याची, तारकाकृती तळखड्याची आणि मऊ दगडातील अतिसूक्ष्म कोरीवकामाची आहेत, तर गेममध्ये डोंगराएवढ्या मूर्ती आणि यांत्रिक कोडी दिसतात. भव्यता दूरून चटकन दिसते आणि खेळाडूला दिशा दाखवते, म्हणून निर्मात्यांनी ती निवडली असणार. तरीही होयसळ शिल्पकलेचा जीव जेथे आहे ती बारकाई त्यात हरवली, असे मला वाटते.

या साऱ्या बारकाईची किंमत कर्मचाऱ्यांनी मोजली आहे. स्टुडिओत वेळापत्रक सांभाळणारे स्वतंत्र प्रोड्यूसर नसावेत, ज्याला जे सुधारावेसे वाटते त्याने ते सुधारावे, अशी जुनी परंपरा होती. त्यातून दर्जा आला आणि त्यातूनच महिनोन्महिने रात्री उशिरापर्यंत चालणारे काम आले. मार्च २०२० मध्ये याविषयी सविस्तर वृत्त प्रसिद्ध झाले, आणि 'अनचार्टेड ४' वर काम केलेले अनेक डिझायनर तोपर्यंत स्टुडिओ सोडून गेल्याचे त्यातून पुढे आले. स्टुडिओने ती परंपरा मोडून प्रोड्यूसरही नेमले. पडद्यावरच्या एका दोरखंडाच्या हालचालीसाठी माणसांची झोप जावी का, हा प्रश्न या गेम्सवर प्रेम करणाऱ्यांनी टाळू नये.

जानेवारी २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस' वर एचबीओची मालिका आली आणि कधीही कंट्रोलर हाती न धरलेल्या प्रेक्षकांपर्यंत जोएल व एली पोहोचले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टुडिओने बरीच वर्षे चाललेला ऑनलाइन गेम रद्द केला. तो चालवायचा तर पुढे वर्षानुवर्षे सारी माणसे त्यालाच जुंपावी लागतील आणि एकट्याने खेळायचे कथाप्रधान गेम मागे पडतील, असे कारण त्याने दिले. डिसेंबर २०२४ मध्ये 'इंटरगॅलॅक्टिक : द हेरेटिक प्रॉफेट' या नव्या गेमची घोषणा झाली. त्यात टॅटी गॅब्रिएल यांनी साकारलेली जॉर्डन ही नायिका बाहेरच्या विश्वाशी संपर्क तुटलेल्या एका ग्रहावर उतरते. अलीकडच्या बहुतेक गेम्समध्ये नायकासोबत कोणी ना कोणी सोबती असे. या वेळी खेळाडूला एकटे आणि वाट चुकल्यासारखे वाटावे, असा आपला हेतू असल्याचे ड्रकमन यांनी सांगितले आहे. म्हणजे ड्रेकचा जुना साथीदार सुली, त्याची बायको एलेना आणि एली यांच्या बोलण्यातून, चालता चालता गोष्ट उलगडण्याचे जे साधन स्टुडिओने घासूनपुसून तयार केले, त्याला या गेममध्ये फारसा वाव असणार नाही, आणि त्याच्या जागी काय येते हे गेम हाती आल्यावरच कळेल.